खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर चपला-बूट घालताना या चुका टाळा

खुबा बदलायचं ठरलं की घरात कमोड, वॉकर, पलंगाची उंची सगळ्याची चर्चा होते, चपलेचं नाव कोणी काढत नाही. मग डिस्चार्जच्या दिवशी अडतं, पाऊल सुजलेलं, जुनी सँडल चढत नाही आणि वाकायला तर सक्त मनाई. म्हणून ही तयारी ऑपरेशनच्या आधीच करा प्लीज.

आधी नियम. मागच्या बाजूने चीर देऊन ऑपरेशन झालं असेल तर साधारण 6 ते 12 आठवडे तीन गोष्टी करायच्या नसतात : खुबा 90 अंशापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. पुढून झालं असेल तर नियम वेगळे असतात, त्यामुळे शेजारच्या काकूंना काय सांगितलं होतं ते सोडा, आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओला विचारा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे "उभ्याने नाही वाकत ना, बसून घालतोय की" असं म्हणत सोफ्यावर बसून पट्टा लावणं. खोल सोफ्यात गुडघा आधीच खुब्याच्या वर गेलेला असतो आणि त्यात आपण पुढे झुकतो, म्हणजे 90 अंश कधीच ओलांडले. खुर्ची कडक आणि हाताची हवी, बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील इतकी उंच.

दुसरी चूक लक्षातच येत नाही. हात पुरत नाही म्हणून माणूस गुडघा आत पाडतो, पाऊल बाहेर फेकतो आणि बाहेरच्या बाजूने हात घालून टाचेचा पट्टा ओढतो. माझी आई वर्षानुवर्षं सँडल अशीच घालायची, सवयच ती, त्यामुळे ऑपरेशननंतर घरातल्या कोणीतरी समोर उभं राहून "गुडघा सरळ, गुडघा सरळ" असं म्हणत राहावं लागायचं. वाकणं आणि आत वळणं एकत्र आलं की सांधा निखळायचा धोका सगळ्यात जास्त, आणि करताना काही दुखत नाही म्हणून कळतही नाही. एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या पायाचा बूट ढकलून काढतो ना, त्यातही पाय असाच पिळला जातो, तेही बंद.

यावर उपाय म्हणजे लांब दांड्याचं शूहॉर्न, म्हणजे टाच बुटात सरकवायची पट्टी, 60-75 सेंटीमीटरची. आखूड मिळतं ते इथे निरुपयोगी, त्यासाठी वाकावंच लागतं. सोबत एक चिमटा-काठी घ्या, वेलक्रोचा पट्टा ओढायला आणि पडलेली चप्पल उचलायला. लेसचेच बूट हवे असतील तर इलॅस्टिकच्या लेस घाला, एकदा बांधल्या की पुन्हा सोडायला नको. आणि हे सगळं ऑपरेशनच्या आधी चार दिवस बसून वापरून बघा, नंतर दुखत असताना शिकणं फार जड जातं.

आता दाराशी काय होतं बघा. आपल्याकडे चपला दारातच काढायच्या, म्हणजे एक हात चौकटीला, एका पायावर उभं आणि चपलांचं रॅक जमिनीलगत. हे पूर्ण बदला. ती खुर्ची दाराच्या आत ठेवा, चप्पल कमरेच्या उंचीवर. वळताना ऑपरेशनच्या पायावर गर्रकन फिरू नका, छोटी छोटी पावलं टाकत वळा.

चप्पल कुठली? मागून बंद, रुंद, वेलक्रोची, रबरी सोलची, चपटी. स्लीपर नको, ती बोटांनी धरून चालावी लागते आणि वॉकरमध्ये अडकते. कोल्हापुरी कितीही आवडती असली तरी चामड्याचा सोल ओल्या फरशीवर सरकतो. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा सूज जास्त असते. घरात नुसते मोजे घालून टाइल्सवर चालणं तर अजिबात नको. ज्येष्ठ मंडळी घरात चप्पल नको म्हणतात, त्यांना न वापरलेली नवी जोडी फक्त घरासाठी आणा, बाहेर कधीच न नेलेली, बहुतेक जण ऐकतात.

घट्ट स्टॉकिंग्ज सांगितले असतील तर ते दुसऱ्यानेच चढवायचे, वरची कड गुंडाळली जाऊ देऊ नका, रक्त अडतं.

अजून एक, सुरुवातीला ऑपरेशनचा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. बऱ्याचदा स्नायू सैल होतील तसं ते कमी होतं. लगेच मोच्याकडून दुसऱ्या चपलेला टाच वाढवून घेऊ नका, आधी सर्जनला दाखवा.

आणि चप्पल घालताना खुब्यात अचानक जोरात कळ आली, पाय आखूड किंवा आत वळलेला दिसला, वजन टाकता येईना, तर ओढून-ताणून उभं करू नका, आहे तसं झोपवून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. पोटरी दुखून एकच पाय सुजत चालला असेल तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, चप्पल घट्ट असेल म्हणून सोडून देऊ नका.