मोठा साप घरात आणण्यापूर्वी

ऊसतोड सुरू झाली की कृष्णाकाठच्या गावांतून फोन यायला लागतात. "फडात अजगर निघालाय, लवकर या." पोचावं तर सरीत वेटोळं घालून बसलेला अजगर आणि भोवती मोबाइल उंचावलेली गर्दी. त्यात एखादं पोरगं हमखास विचारतं, "दादा, हा पाळता येईल का?"

नाही. आपला अजगर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडून ठेवला तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजारांचा दंड होऊ शकतो. नाग, धामणही पाळता येत नाहीत. बत्तीस शिराळ्यातली जिवंत नागांची मिरवणूकसुद्धा कोर्टाच्या आदेशानं थांबली, मग तुमच्या-माझ्या हौसेची काय कथा! रानातला अजगर दिसला तर वनविभागाला १९२६ वर फोन करा आणि त्यांची माणसं येईपर्यंत गर्दी मागे ठेवा.

पाळायचाच असेल तर बॉल पायथन किंवा बोआ कन्स्ट्रिक्टर अशा परदेशी जातींचा विचार करता येतो, पण त्यांनाही कागद लागतात. या जाती सायटीस कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. साप ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पुढे पिल्लं झाली, साप दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी कळवावं लागतं. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा.

मग घरच्यांशी बोला. बॉल पायथन चार-पाच फुटांचा होतो, पण २० ते ३० वर्षं जगतो. बोआची मादी दहा फुटांपर्यंत वाढू शकते. आज हौसेनं आणणारा बारावीचा मुलगा उद्या नोकरीला पुण्याला जाईल, साप मागे आई सांभाळणार का? तिला आजच विचारा. ती नाही म्हणाली तर आणू नका.

साप येण्याआधी पेटी तयार हवी. पेटीची लांबी निदान सापाच्या लांबीएवढी ठेवा. झाकण डोक्यानं रेटून उघडायची ताकद सापात असते, म्हणून नुसत्या वजनावर भरवसा नको, कडी आणि कुलूप दोन्ही हवं. वायर आत जायची फट करंगळीनं चाचपून बघा. बॉल पायथनचं डोकं जिथून जातं, तिथून बाकीचं अंगही जातं. पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश ठेवा, म्हणजे साप हवी ती जागा निवडतो. हीटरला थर्मोस्टॅट (तापमान ठरल्या अंशावर राखणारं बटण) लावलाच पाहिजे, नाहीतर पोट भाजेपर्यंत साप गरम जागेवरून हलत नाही. साताऱ्याच्या जानेवारीत पहाटे वीज गेली तर काय करायचं, हेही आधीच ठरवा.

सगळ्यात जास्त चुका खाऊ घालताना होतात. माझ्या एका मित्रानं गोठवलेला उंदीर गरम पाण्यात वितळवला आणि उंदराचा वास लागलेले तेच ओले हात घेऊन पेटी उघडली. सहा फुटी बोआनं मनगट धरलं आणि कोपरापर्यंत दोन वेढे टाकले. त्यानं हात ओढला असता तर कातडी फाटली असती, कारण दात आतल्या बाजूला वळलेले असतात. आम्ही शेपटीकडून एकेक वेढा सोडवला, जबड्याच्या कडेला स्पिरिटचे दोन थेंब सोडले, तेव्हा कुठं पकड सुटली. बोटं तोवर जांभळी पडली होती. अशा विळख्यानं रक्तप्रवाह काही सेकंदांत थांबू शकतो. वेढा मानेभोवती असता तर?

म्हणून खाणं लांब चिमट्यानंच द्या, जिवंत उंदीर टाकू नका. हाताळायच्या वेळी आधी साबणानं हात धुवा आणि आकड्यानं, म्हणजे टोक वाकवलेल्या काठीनं, सापाला हलकेच स्पर्श करा. रोज असं केलं की आकडा म्हणजे खाणं नाही, हे त्याला कळतं. आठ फुटांपुढचा साप एकट्यानं कधीच बाहेर काढू नका, दुसरा मोठा माणूस खोलीत हवा. साप गळ्यात घालायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. हाताळून झाल्यावर पुन्हा साबण लावा, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना हात लावू देऊ नका आणि पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊ नका.

साप जड झाला म्हणून सागरेश्वर किंवा चांदोलीच्या रानात सोडायचा विचार मनातसुद्धा आणू नका. परदेशी साप इथल्या रानात रोग नेऊ शकतो. वनविभागाला सांगून नवं घर शोधा.

सांगलीकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा लोकांना गाई-म्हशी हलवायलाही वेळ पुरला नाही. इशारा पातळी ४० फूट आहे. पाणी तिथं पोचण्याआधीच सापाचं खाणं बंद करा, भरल्या पोटी प्रवासात तो खाल्लेलं ओकतो. जाड सुती पिशवीत साप ठेवून तोंडाला गाठ मारा, ती पिशवी भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा आणि डब्यावर जात, तुमचं नाव व फोन लिहा. उंचावरच्या ज्या नातेवाइकाकडे जाणार, त्यांना डब्यात काय आहे ते मे महिन्यातच सांगून ठेवा.