मोठी मुलं घरात असताना रोजचे घोळ कसे आवरावेत

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मुलाची दुसरी पाळी होती. नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यातून रात्री बाराला सुटतो, इंदिरानगरला घरी यायला साडेबारा होतात. हे रात्री एक वाजता पाणी प्यायला उठले, दाराबाहेर त्याचे बूट दिसले, म्हणजे पोरगा येऊन झोपला असं समजून त्यांनी आतून कडी घातली. ते बूट आदल्या दिवशीचे होते. त्या दिवशी तो सेफ्टी शूज घालून गेला होता आणि काम लांबल्यामुळे अजून यायचाच होता.

पहाटे पाचला मी दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडलं, तर माझा पंचवीस वर्षांचा मुलगा मांडीवर हेल्मेट घेऊन, अंग आखडून जिन्यात बसलेला. पारा दहाच्या खाली होता. किल्लीने लॅच उघडलं पण कडी लागलेली, आणि मोबाइल चार्जिंग संपून बंद.

"अरे, बेल का नाही वाजवलीस?"

"आजीचे गुडघे दुखत होते ना काल. म्हटलं, आत्ता कुठे डोळा लागला असेल."

ह्यांना वाटलं तो आलाय. त्याला वाटलं आजी उठेल. मला वाटलं तो त्याच्या खोलीत आहे. त्यानंतर मी घरातल्या प्रत्येक घोळाकडे नीट पाहू लागले, आणि जवळपास प्रत्येकाच्या मुळाशी हेच दोन शब्द सापडले: मला वाटलं. मुलं लहान होती तेव्हा कोण कुठे, कोणाचं काय, हे सगळं आईच्या डोक्यात असायचं आणि तेवढ्याने भागायचं. आता चार जाणती माणसं चार वेगळ्या वेळांना येतात-जातात, आणि घर अजून त्या एका डोक्यावर चालवायला बघतो. ते डोक्यातलं बाहेर काढून भिंतीवर, खुंटीवर, सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. आमच्याकडे ते कसं केलं ते सांगते.

पहिल्यांदा आठवडाभर फक्त लिहा

स्वयंपाकघरात दिनदर्शिका असतेच, दुधाचा हिशोब लिहितो ती. तिच्या शेजारी एक कागद चिकटवा. काय बिघडलं आणि किती वाजता, एवढंच लिहायचं. कोणामुळे, ते लिहायचं नाही. "दूध उतू, सकाळी ७.१०." "टाकी वाहिली, ६.४०." "सहा पोळ्या उरल्या." रविवारी चहा घेताना सगळ्यांनी मिळून तो कागद वाचायचा. आमच्या कागदावर अकरा नोंदी होत्या, त्यांतल्या सात सकाळी साडेसहा ते साडेसातमधल्या. मग बदल त्या एका तासात करायचा हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दार: चार खुंट्या, चार किल्ल्या

दाराच्या आतल्या बाजूला माणशी एक खुंटी ठोका. घरात आलं की आपली किल्ली आपल्या खुंटीवर. सगळ्या किल्ल्या लागल्या असतील तरच आतून कडी, एक जरी कमी असेल तर नुसतं लॅच. चपला-बुटांवरून, गाडी खाली दिसते यावरून, खोलीत लाइट दिसतो यावरून अंदाज बांधायचा नाही. खिशात किल्ली ठेवूनच झोपायची सवय असते मुलांना, ती मोडायला आम्हाला तीन आठवडे लागले. तेवढे धरून चला.

आणि मुलांना एकदा स्पष्ट शब्दांत सांगा, "कितीही वाजलेले असोत, बेल वाजव." आम्ही हे कधी बोललोच नव्हतो. ते त्याला ठाऊक असेल असं धरून चाललो होतो.

गॅस: नाव घ्या, 'हो' ऐका

"दुधाकडे बघा हं!" असं हवेत बोलून जाऊ नका. तिघं ऐकतात आणि तिघंही दुसऱ्यावर सोडतात. नाव घेऊन सांगा आणि तोंडी "हो" आल्याशिवाय ओट्यापासून हलू नका. मुलगी कानात इअरफोन घालून मान हलवते, तो होकार धरायचा नाही.

दूध उतू जाऊन बर्नर विझला आणि गॅस मात्र सुरूच राहिला, हा प्रकार घरातल्या प्रत्येकाला हाताळता आला पाहिजे. वास आला की आधी बर्नरचं बटण आणि रेग्युलेटर बंद. दारं-खिडक्या उघडा. लाइट, पंखा, एक्झॉस्ट, कशाच्याही बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साठतो, म्हणून दार उघडणं फार गरजेचं. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे चढतो. तिथे पाइपवरचा कॉक बंद करायचा. वास जात नसेल तर सगळ्यांनी बाहेर पडून मग फोन करायचा. सिलिंडरसाठी १९०६, पाइपच्या गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन नंबर. आमच्या मुलाला सव्वीसावं लागेपर्यंत रेग्युलेटर काढता येत नव्हता, कारण आम्ही कधी काढू दिला नव्हता. एका रविवारी हातात देऊन चार वेळा काढ-घाल करून घेतला.

सकाळचं पाणी आणि गॅस गिझर

हा भाग कृपया घाईत वाचू नका. नाशिकच्या थंडीत सकाळी आंघोळीची रांग लागते. एकाची पाळी सातची, एकीची बस, ह्यांचं ऑफिस. एकामागून एक तीन आंघोळी, गार वारा येतो म्हणून न्हाणीघराची खिडकी लावलेली, आणि गॅस गिझर आत. अशा बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस हाक मारण्याआधीच कोसळू शकतो. लहान मुलाला आपण दाराबाहेरून हाका मारत राहतो. मोठं मूल आत वीस मिनिटं असलं तरी कोणी विचारत नाही.

म्हणून गिझर शक्यतो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर पाणी आधी बादलीत काढायचं, गिझर बंद करायचा आणि मगच आंघोळ. दोन आंघोळींच्या मध्ये दार-खिडकी पाच-सात मिनिटं सताड उघडी. खिडकीची फट बुजवायला कोणी पुठ्ठा लावला असेल तर आजच काढा. आत गेलेल्याला दहा मिनिटांनी हाक मारा, त्याचं वय काहीही असो. चक्कर आलेल्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन करा. बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

टाकीचं सोपं आहे. मोटर ज्याने लावली त्यानेच बंद करायची, आणि लावतानाच मोबाइलवर गजर. गंगापूर धरणातून येणारं पाणी गच्चीवरून गटारात गेलेलं बघवत नाही.

कपडे

आपल्याकडे रंग खेळतात ते रंगपंचमीला, आणि जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या हौदात, उडी मारून आलेल्याचे कपडे म्हणजे चालता-बोलता रंग. मुलगा तिवंधा चौकातल्या रहाडीतून आला, आंघोळ करून झोपला, आणि त्याने मशीनमध्ये टाकलेल्या कपड्यांवरच ह्यांचे पांढरे शर्ट पडले. पाच शर्ट फिके गुलाबी झाले.

असं झालं तर कपडे वाळू देऊ नका, इस्त्री तर अजिबात नको. उष्णतेने रंग पक्का बसतो. रंग सोडणारा कपडा बाजूला काढा आणि बाकीचे ओले असतानाच गार पाण्यात साबण घालून पुन्हा धुवा, लागलं तर दोनदा. आमचे तीन शर्ट असे वाचले. पुढच्यासाठी मशीनवर दोन टोपल्या ठेवल्या, एक पांढऱ्याची आणि एक रंगीत कपड्यांची. मशीनच्या आत कपडे साठवणं बंद. आणि ज्याचे कपडे त्याने धुवायचे, हे पंचवीसाव्या वर्षी सुरू केलं तरी जमतं.

जेवण

संध्याकाळी सहापर्यंत घरच्या ग्रुपवर आकडा टाकायचा: दोन पोळ्या, चार पोळ्या किंवा शून्य. मित्रांबरोबर मिसळ खाऊन यायचं असेल तर खुशाल खा, पण शून्य टाका. आकडा नाही आला तर पोळ्या नाहीत, भाकरी-पिठलं स्वतः करून घ्यायचं. आम्ही हे एकदाच पाळलं, पुन्हा वेळ आली नाही.

रात्री उशिरा जेवणाऱ्याने उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवायचा. भात ओट्यावर रात्रभर राहिला, विशेषतः उन्हाळ्यात, तर सकाळी त्याला फोडणी देऊ नका. त्यात जंतूंनी तयार केलेलं विष गरम केल्यानेही जात नाही. फोडणीचा भात करायचा तो फ्रिजमधल्या भाताचा.

बोलायचं कसं

घोळ झाला त्याच क्षणी बोलू नका. आधी दूध पुसा, पाणी बंद करा. मग जेवढं झालं तेवढंच बोला. "तू दहावीत असतानाही असंच..." हे वाक्य मी महिनाभर गिळलं आणि मुलगी माझ्याशी जास्त बोलायला लागली. आत्या, मावशी, शेजारी यांच्यापुढे मुलांच्या चुका काढायच्या नाहीत. खोलीचं दार वाजवून आत जायचं. मुलगी ऑफिसच्या कॉलवर असताना मी झाडू घेऊन आत गेले, ते तिला फार लागलं होतं. आणि एखादं काम मुलाला दिलं की पूर्ण द्या. लाइट बिल त्याच्याकडे दिलं आणि काळजीने मीही भरलं, तर ते दोनदा गेलं. पैसे पुढच्या बिलात वळते झाले, पण "मग मला दिलंसच कशाला?" हे त्याचं म्हणणं बरोबर होतं.

पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून रविवारी कागदावर नवी वेळ लिहून घेते. या आठवड्यात त्याची दुसरी आहे. आत्ता बारा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. तीन किल्ल्या खुंटीवर आहेत, कडी उघडी आहे, आणि मी झोपायला जातेय.