आधी ठिपके, मग आकडे

पऱ्हाटी (कपाशी) उशिरा लावली तर उतारा घटतो का? गावातल्या पंचवीस-तीस शेतांचे आकडे घ्या. आडव्या अक्षावर मृगापासून, म्हणजे ७ जूनपासून, लागवडीचा दिवस. उभ्यावर एकरी क्विंटल. दर शेताला एक ठिपका. एक्सेलमध्ये ‘स्कॅटर’ निवडा; ‘लाइन’ ठिपके उगाच जोडत बसते. ओलिताची शेतं निळी, कोरडवाहू तांबडी ठेवा, नाहीतर खिचडी होते. ठिपके आधी चढून मग उतरले (घाईने लावली, पावसाने दडी मारली!), तर सहसंबंधाचा आकडा (दोन गोष्टी सरळ रेषेत किती सोबत बदलतात ते सांगणारा; शून्य म्हणजे तसं नातं नाही) शून्याजवळ येऊन सरळ फसवतो. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये सारख्याच सहसंबंधाचे आकड्यांचे चार संच मांडले. चित्रं चार तऱ्हेची निघाली. एकटा दूर पडलेला ठिपका खोडू नका. त्या शेतकऱ्याला विचारा: बोंडअळी होती, की क्विंटलच्या जागी किलो लिहिले?