दिवाळीची भेट स्वीकारताना

वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतच्या दिवसांत सांगली-साताऱ्याकडच्या घरांत कंदी पेढ्यांचे पुडे, भडंगाच्या पिशव्या, बेदाण्याची पाकिटे, फराळाचे डबे, भाऊबिजेच्या साड्या, दिवाळसणाला आलेल्या जावयाचे कपडे, कारखान्याची सभासदांना मिळणारी साखर असे बरेच काही जमा होते. त्यात अलीकडे पुण्या-बंगळूरहून मुलांनी परस्पर ऑनलाइन मागवलेल्या, कोणी पाठवल्या हेही पटकन न कळणाऱ्या खोक्यांची भर पडली आहे. कोणाला काय द्यायचे, यावर नवरात्रापासून चर्चा सुरू असते. घ्यायचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण घेण्यात शिकण्यासारखे काही नाही असाच सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात समोरच्याने आपल्यासाठी नेमके काय लक्षात ठेवले हे त्या वस्तूत हुडकणे आणि ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगणे, ही दोन्ही कामे घेणाऱ्याचीच आहेत.

हातात घेताना

'अहो, हे कशाला आणलंत?' आणि त्यावर 'रिकाम्या हातानं कसं यायचं?' हा संवाद आपल्याकडे ठरलेला आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. मात्र तो एकदाच व्हावा. पहिल्यांदा तो शिष्टाचार असतो, दुसऱ्यांदा खपून जातो, पण तिसऱ्यांदाही 'उगाच खर्च केलात' म्हटले की देणारा खरोखरच ओशाळतो आणि भेट नकोशी होती की काय असे त्याला वाटू लागते. भेट दोन्ही हातांनी घ्यावी, देणाऱ्याकडे बघून घ्यावी आणि लगेच चपलांच्या स्टँडवर किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवून देऊ नये. पुडा देवापुढे ठेवण्याची जुनी पद्धत या बाबतीत फार सोयीची आहे. वस्तूला मान मिळतो, पाहुण्यादेखत ती उघडण्याचा प्रसंग येत नाही आणि चेहऱ्यावर खोटा आनंद आणण्याची कसरतही वाचते. पाहुण्याने स्वतःहून 'उघडून बघा ना' म्हटले तर मात्र आढेवेढे न घेता तिथेच उघडावे, कारण तुमचा चेहरा पाहण्यासाठीच तो थांबलेला असतो.

अशा वेळी दोन वाक्ये तोंडातून जाऊ देऊ नयेत. पहिले म्हणजे 'हे आहे आमच्याकडे'. ते खरे असले तरी त्या क्षणी सांगण्याची गरज नसते. दुसरे म्हणजे 'केवढ्याला पडलं?' आपल्या भागात हा प्रश्न आपुलकीनेच विचारला जातो, हे मान्य आहे. तरीही 'कुठून घेतलंत?' असे विचारले तर चौकशीही होते आणि देणाऱ्याला खोदून विचारल्यासारखेही वाटत नाही. मुलांना या गोष्टी पाहुणे येण्याआधीच सांगून ठेवाव्या लागतात. 'थँक्यू म्हण' असे पाहुण्यांसमोर खडसावण्यापेक्षा, आलेल्या वस्तूबद्दल एक तरी प्रश्न विचारायचा एवढेच त्यांना सांगून ठेवले तर ती अधिक मोकळेपणाने बोलतात.

मन लावून दिलेली भेट कशी ओळखावी

माण तालुक्यातून लग्न होऊन सांगलीत आलेल्या आणि आता सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंकडे दर दिवाळीला पेढ्यांचे आणि सुक्या मेव्याचे पुडे येतात. साखरेच्या त्रासामुळे ते बहुतेक पुढे वाटले जातात. एका दिवाळीला दहिवडीकडच्या त्यांच्या भाच्याने काचेच्या जुन्या बरणीत दोन किलो हुलगे आणले. माणदेशी माणसाला हुलग्याच्या माडग्याचे काय अप्रूप असते, हे निराळे सांगायला नको. पण काकूंनी बरणीचे झाकण उघडले आणि मूठभर हुलगे ताटलीत पसरून पाहिले, तर त्यात एकही खडा नव्हता. संधिवाताने त्यांची बोटे आखडतात आणि धान्य निवडणे त्यांना जड जाते, हे ओळखून भाच्याने ते घरी निवडून, वाळवून आणले होते. काकूंनी शेजारच्या प्रत्येकीला सांगितले ते हुलगे आणल्याचे नव्हे, निवडून आणल्याचे.

भेट हातात आली की असेच काही बघावे. आपल्या रोजच्या जगण्यातली एखादी बारीक गोष्ट देणाऱ्याने पाहिली होती आणि तिच्यापायी त्याने स्वतःचा थोडा वेळ खर्च केला, याची खूण वस्तूवर कुठेतरी असते. ती बरेचदा वस्तूपेक्षा तिच्या तयारीत सापडते. नणंदेने भाऊबिजेला भावजयीसाठी साडी आणणे हा रिवाज झाला. तीच साडी फॉल-पिको करून आणि सोबत मापाचा ब्लाउज शिवून आली, आणि मापासाठी घरातला जुना ब्लाउज कोणी गुपचूप नेला होता हे नंतर कळले, तर तिला रिवाज म्हणता येत नाही. साडी मिळालेल्या बाईला पुढे किती फेऱ्या माराव्या लागतात, हे देणारीला ठाऊक होते आणि त्या फेऱ्या तिने स्वतः मारल्या. उलट, कितीही महाग असली तरी जिच्यामुळे घेणाऱ्याचे काम वाढते, अशी भेट निम्मीच विचार करून दिलेली असते. शोकेसमध्ये ठेवण्याच्या मूर्ती, चकचकीत फ्रेम आणि घड्याळे या वर्गात सर्वांत पुढे आहेत. त्या पुसायच्या कोणी, हा प्रश्न दुकानात कोणाला पडत नाही.

किमतीचा मोह देणाऱ्याला जास्त असतो, घेणाऱ्याला तितका नसतो. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले होते. भेट जितकी महाग तितकी ती अधिक आवडेल, असे देणारे धरून चालत होते. घेणाऱ्यांच्या समाधानाचा किमतीशी तसा संबंध आढळला नाही. साखरपुड्याच्या अंगठ्याही त्या अभ्यासात होत्या, हे आपल्याकडच्या वरपक्षाला सांगण्यासारखे आहे. फ्रान्चेस्का जिनो आणि फ्लिन यांच्या २०११ सालच्या अभ्यासातले निरीक्षण तर आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. स्वतःच्या कल्पनेने काही आणले तर ते अधिक भावते, असे देणाऱ्यांना वाटत होते, आणि घेणारे मात्र आपण मागितलेलीच वस्तू मिळाल्यावर जास्त खूश होते.

त्यामुळे 'काय आणू?' असे कोणी विचारले तर त्याला कल्पकता नाही असे समजू नये आणि 'काही नको' असे म्हणून त्याला अडचणीतही टाकू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी सांगलीतल्या घराघरांत शिरले, त्यानंतरच्या दिवाळीत गाद्या, शेगडी, शाळेची दप्तरे अशा गोष्टी घरात नव्याने घ्याव्या लागत होत्या. अशा घराला आधी फोन करून 'कुकर आहे का, किती लिटरचा हवा?' असे विचारणाऱ्याची भेट मिठाईच्या दहा खोक्यांपेक्षा मोलाची ठरते. विचारणाऱ्याला नेमके उत्तर द्यावे आणि त्याच्या ऐपतीत बसेल असे सांगावे. वस्तू लहान असली तरी चालते, ती मोघम नसावी.

एकच वस्तू एका घरी रिवाजाची आणि दुसऱ्या घरी जिव्हाळ्याची ठरू शकते, हेही ध्यानात ठेवावे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीतच राहणाऱ्या मावशीला तिचे पाकीट देण्यात काही विशेष नाही, पण बंगळूरला नोकरी करणाऱ्या लेकीला घरची शिजवून वाळवलेली आणि दळून आणलेली हळद मिळाली तर ती डबा उघडून आधी वासच घेते. साताऱ्याच्या माणसाने साताऱ्याच्या माणसाला दिलेल्या कंदी पेढ्यांचेही तसेच आहे. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ साली मधाचे गाव म्हणून ओळख मिळाली. तिथला मध पुण्यातल्या मित्राला आवर्जून पाठवला जातो, आणि त्याच तालुक्यात ज्याच्या परसात मधपेट्या आहेत त्याच्या घरी तो कोणी घेऊन जात नाही. पेढ्यांवरून आठवले, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, त्यामुळे तो साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. तेव्हा आधी साधे पेढे आणि बर्फी संपवावी. भडंग त्याच दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात काढावे आणि बेदाणे फ्रिजमध्ये ठेवावेत.

काय बोलावे आणि कधी बोलावे

'छान आहे' हे शब्द कोणत्याही वस्तूला लागू पडतात, म्हणून ते ऐकणाऱ्याच्या मनात राहत नाहीत. जी खूण सापडली तिचे नाव घ्यावे. 'हुलगे निवडून आणलेस, माझी बोटं वाचली' असे म्हटल्यावर भाच्याला जे कळते, ते 'फार आवडलं रे' या तीन शब्दांत कळत नाही. खूण सापडली नाही तर ओढून-ताणून शोधू नये. 'आठवणीनं आलात, बरं वाटलं' एवढे पुरेसे असते आणि ते खोटेही नसते. मात्र ज्यांची भेट साधी आहे असे दुसरे पाहुणे शेजारी बसलेले असताना एकाच भेटीचे कौतुक लांबवू नये. दोन सुनांच्या माहेरहून आलेल्या वस्तूंची तुलना तर घरात कोणी नसतानाही करू नये, कारण भिंतीलाही कान असतात.

कुरिअरने आलेल्या भेटीचा नियम वेगळा आहे. तिचा फोन त्याच दिवशी गेला पाहिजे, कारण खोके पोहोचले की नाही हेच पाठवणाऱ्याला ठाऊक नसते आणि चार दिवसांनी त्यानेच 'मिळालं का?' असे विचारणे दोघांनाही अवघड जाते. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा तर बंद खोक्याचा पाठवू नये. स्वेटर अंगात घातल्याचा, मिक्सरवर चटणी वाटल्याचा फोटो पाठवावा. भेट वापरात आलेली दिसणे हे देणाऱ्याच्या दृष्टीने कोणत्याही शब्दांपेक्षा मोठे असते, म्हणून त्याच्याकडे हळदी-कुंकवाला किंवा वाढदिवसाला जाताना तीच साडी नेसावी, तेच घड्याळ घालावे.

न आवडलेली, जड झालेली आणि पाकिटातली भेट

न आवडलेल्या वस्तूची भरमसाट स्तुती करू नये. त्याने देणारा फसतो आणि पुढच्या वर्षी तसेच काहीतरी पुन्हा येते. माप चुकले असेल तर मात्र संकोच न करता लगेच सांगावे. दुकानदाराची बदलून देण्याची मुदत थोडी असते आणि बिल देणाऱ्याकडे असते. 'रंग छान आहे, मापच तेवढं मोठं हवं होतं' असे म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही.

फिरता आहेर आपल्या समाजात सर्रास चालतो, आणि त्यात पाप नाही असे माझे मत आहे; वापराविना माळ्यावर पडून राहण्यापेक्षा ती वस्तू कोणाच्या तरी कामी आलेली बरी. फक्त ती त्याच भावकीत फिरवू नये, खोक्याच्या आत शुभेच्छापत्र राहिले आहे का ते पाहावे आणि भांडे असेल तर ते उलटे करून बघावे. दुकानदाराने यंत्राने कोरून घातलेले नाव बुडाला किंवा काठाला असते आणि ते दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वाचले जाते.

ओवाळणीचे किंवा आहेराचे पाकीट देणाऱ्यासमोर उघडू नये, चाचपू नये आणि तबकातून लगेच उचलूही नये. पाहुणे गेल्यावर रक्कम वहीत लिहावी. सांगली-साताऱ्याकडच्या घरांत आहेराची वही जपलेली असते, कारण परतफेड तिच्यावरून ठरते. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली देणे, घेणे आणि परत देणे अशी तीन बंधने मांडली. तिसरे बंधन कसे पाळले जाते, याचा हिशेब आपल्या घरातल्या वहीत मिळतो. त्या वहीत रकमेशेजारी आणखी एक रकाना आखून घ्यावा आणि समोरच्या माणसाबद्दल जे कळले ते त्यात लिहावे: 'मामींना जिना चढवत नाही', 'धाकट्याला बुद्धिबळाचा नाद लागला आहे', 'आत्यांनी गोड सोडले'. पुढच्या वर्षी आपण द्यायला निघतो तेव्हा पाचशे एकच्या आकड्यापेक्षा याच नोंदी उपयोगी पडतात.

कामाच्या संबंधातून आलेली खोकी निराळी समजावीत. बँक, कंपनी किंवा पुरवठादाराकडून आलेल्या सुक्या मेव्याला दोन ओळींचा निरोप पुरे. त्यात जिव्हाळा शोधत बसू नये. सरकारी नोकरांनी कोणाकडून काय स्वीकारावे यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांची बंधने आहेत, तेव्हा ठेकेदाराचे खोके दारातूनच नम्रपणे परत करावे आणि तेही घरच्यांना आधी सांगून ठेवावे, कारण खोके बहुधा साहेब घरी नसतानाच येते. मोठ्या रकमांबाबत आयकराचाही विचार करावा लागतो. सख्ख्या भावंडांकडून, आई-वडिलांकडून किंवा मामा, मावशी, काका, आत्या यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही. पण कायद्याच्या व्याख्येत न बसणाऱ्यांकडून, म्हणजे मित्रच नव्हे तर चुलत-मामे भावंडांकडूनही, एका आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली तर ती उत्पन्नात धरली जाते. लग्नात मिळालेला आहेर याला अपवाद आहे.

राहिले फराळाचे डबे. डबा रिकामा परत करू नये, ही रीत सर्वांना माहीत असते. तरी त्यात आपलाच उरलेला चिवडा भरून पाठवणे म्हणजे रीत पाळल्याचे नुसते दाखवणे आहे. त्या घरात जे झाले नसेल ते भरावे. त्यांच्याकडे चकली बिघडली असे कळले असेल तर चार चकल्या जाव्यात, आणि काहीच नसेल तर मूठभर साखरही चालते. डबा घासून, कोरडा करून, झाकणावर चिकटपट्टीने नाव लावून ठेवावा आणि तुळशीच्या लग्नाआधी पोहोचता करावा. त्यानंतर लग्नसराई सुरू होते, आणि कोणाचे झाकण कोणाच्या डब्यावर बसले याचा निकाल मग पुढच्या दिवाळीपर्यंत लागत नाही.