छंदासाठी लाल लेझर डायोड कसा निवडावा

लाल लेझर डायोड, म्हणजे लेझर किरण देणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग, घेताना प्रथम तरंगलांबी पाहावी. ६५० नॅनोमीटरचे डायोड स्वस्त आणि मुबलक मिळतात. मात्र मानवी डोळा ६३५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्यामुळे तेवढ्याच शक्तीचा तो किरण सुमारे दुप्पट तेजस्वी दिसतो.

शक्तीचा मोह मात्र टाळावा. सरळ रेषा आखणे किंवा दारातील अडथळा ओळखणारी घंटा बनवणे यांसाठी १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा, म्हणजे लेझर सुरक्षिततेच्या वर्गवारीतील वर्ग २ मधील डायोड पुरतो. जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला डायोड १०० मिलिवॉटपेक्षा जास्त शक्ती देऊ शकतो आणि त्याचा थेट किरण पापणी मिटण्याआधीच दृष्टिपटल जाळू शकतो. त्या तरंगलांबीसाठी बनवलेला संरक्षक चष्मा नसेल तर तो हाताळूच नये, असे माझे ठाम मत आहे.

सुट्या डायोडला नियंत्रित विद्युतप्रवाह द्यावा लागतो, कारण डेटाशीटमधील (उत्पादकाच्या माहितीपत्रकातील) कमाल मर्यादा क्षणभर ओलांडली तरी, किंवा बोटांवरील स्थिर विद्युत त्यात उतरली तरी, तो कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून नवशिक्याने भिंग आणि ड्रायव्हर (प्रवाह नियंत्रित करणारे सर्किट) आधीच बसवलेले मॉड्यूलच घ्यावे.