फुटबॉलमधली डोप चाचणी: गोळी घेण्यापासून सुनावणीपर्यंत काय काय सांभाळायचं

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा (वाडा) कोड एका कठोर नियमावर उभा आहे. खेळाडूच्या लघवीत किंवा रक्तात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की गुन्हा सिद्ध झाला. ते कुणी दिलं, का दिलं, चुकून गेलं का, हे प्रश्न नंतर येतात, आणि तेही फक्त शिक्षा किती हे ठरवण्यापुरते. गोलरक्षक आंद्रे ओनानाने बायकोची गोळी चुकून घेतली. त्यात फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं, बंदी असलेलं औषध होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता हे युएफाने (युरोपीय फुटबॉल महासंघ) मान्य केलं आणि तरीही २०२१ मध्ये १२ महिन्यांची बंदी घातली. क्रीडा लवादाने (कॅस) ती ९ महिन्यांवर आणली. अर्जेंटिनाच्या पापू गोमेझच्या नमुन्यात टरब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध सापडलं. मुलाचं खोकल्याचं औषध घेतलं होतं, असं त्याचं म्हणणं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला दोन वर्षांची बंदी झाली.

त्यामुळे पुढचं सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: कागद. चूक डॉक्टरची असो की क्लबची, लेखी पुरावा नसेल तर ती खेळाडूच्याच खात्यावर जमा होते.

औषधं: नाव नको, घटक बघा

ब्रँडच्या नावावर कधीही जाऊ नका. एकाच नावाच्या औषधात दोन देशांत वेगवेगळे घटक असू शकतात. पाकिटावरचा प्रत्येक सक्रिय घटक वाडाच्या बंदी असलेल्या द्रव्यांच्या चालू वर्षाच्या यादीशी ताडून बघा. यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक २०२३ च्या अखेरपर्यंत चालत होतं, १ जानेवारी २०२४ पासून सामन्याच्या काळात चालत नाही. तपासलेल्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. घरच्यांच्या गोळ्या वेगळ्या डब्यात, वेगळ्या कपाटात ठेवा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण ओनानाची केस नेमकी इथेच घडली.

'सामन्याचा काळ' सुरू होतो आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी आणि संपतो सामन्यानंतर नमुना देऊन झाल्यावर. स्पर्धेच्या नियमावलीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर हेच धरायचं. काही द्रव्यं फक्त या काळात बंद असतात, आणि क्लबचे डॉक्टर सर्वात जास्त इथेच चुकतात. त्यातही कॉर्टिसोनच्या इंजेक्शनात.

२०२२ पासून ग्लुकोकॉर्टिकॉइडचं (कॉर्टिसोन ज्या गटात येतं त्या औषधांचं) कोणतंही इंजेक्शन, सांध्यातलं धरून, सामन्याच्या काळात बंद आहे. शेवटचा डोस आणि सामन्याचा काळ यांत किती अंतर हवं ते ठरलेलं आहे. सांध्यात किंवा दुखऱ्या जागी दिलं तर ३ दिवस, पण औषध ट्रायमसिनोलोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर १० दिवस. स्नायूत दिलं तर बीटामेथासोन, डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोनसाठी ५ दिवस, प्रेडनिसोलोनसाठी १० आणि ट्रायमसिनोलोनसाठी तब्बल ६० दिवस. आता हिशोब करा. रविवारी रात्री १० वाजता सामना संपवून गुडघ्यात साधं इंजेक्शन घेतलं आणि पुढचा सामना बुधवारी आहे. बुधवारच्या सामन्याचा काळ मंगळवारी रात्री ११:५९ ला सुरू होतो. मध्ये जेमतेम ५० तास उरतात, हवेत ७२. म्हणजे रविवारी आणि बुधवारी सामने असतील तर हे इंजेक्शन मधल्या दिवसांत बसतच नाही. 'तीन दिवस झाले की' असं बोटांवर मोजणारा डॉक्टर इथे हमखास फसतो. तास मोजा, आणि इंजेक्शनची वेळ, जागा, औषध, मात्रा त्याच दिवशी फाइलमध्ये लिहा. पुढे नमुन्यात अंश सापडला तर मागाहून उपचारासाठीची सूट मागता येते, पण ती या फाइलच्या जोरावरच मिळते.

दम्याच्या पंपात सॅल्ब्युटामोल चालतं: २४ तासांत जास्तीत जास्त १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. १०० मायक्रोग्रॅमचा पंप असेल तर आठ तासांत सहा दाब. नेब्युलायझरचा एक नेहमीचा डोसच २५०० मायक्रोग्रॅमचा असतो, म्हणजे त्याला सूट लागणारच. टरब्युटालिन मात्र पंपातूनसुद्धा चालत नाही. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल तर सामन्याचा काळ सुरू होण्याच्या किमान २४ तास आधी ती बंद करा.

सलाइनबद्दल फार गैरसमज आहे. त्यात नुसतं पाणी आणि जीवनसत्त्वं असली तरी १२ तासांत १०० मिलिलिटरच्या वर शिरेतून काही घेणं हीच बंदी असलेली पद्धत आहे. अपवाद तीनच: रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि तपासण्या. फ्रान्सच्या सामीर नासरीने डिसेंबर २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अर्धा लिटर घेतलं. तिथल्या खासगी सेवेने समाजमाध्यमांवर फोटो टाकला आणि प्रकरण उघड झालं. सहा महिन्यांची शिक्षा अपिलात अठरा महिन्यांची झाली.

सप्लिमेंट

सर्वात सुरक्षित सप्लिमेंट म्हणजे न घेतलेलं. घ्यायचंच असेल तर बॅचनिहाय तपासणीचा शिक्का असलेलं घ्या (इन्फॉर्म्ड स्पोर्ट, एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट) आणि डब्यावरचा बॅच नंबर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. नुसता लोगो छापलेला असणं पुरेसं नाही. प्रत्येक बॅचचे दोन डबे घ्या, एक वापरा आणि दुसरा सील न तोडता ठेवा. वाद झाला तर प्रयोगशाळेत हाच न उघडलेला डबा जातो. उघड्या डब्यात तुम्ही स्वतः काही मिसळलं नाही हे सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. पावतीही जपा.

युव्हेंटसच्या पॉल पोग्बाचं उदाहरण बघा. २० ऑगस्ट २०२३ च्या उदिनेसेविरुद्धच्या सामन्यानंतर घेतलेल्या नमुन्यात डीएचईए या बंदी असलेल्या संप्रेरकाचा माग लागला. ते फ्लोरिडातल्या एका डॉक्टरने सुचवलेल्या सप्लिमेंटमधून आलं होतं. आधी चार वर्षांची बंदी, नंतर कॅसने ती अठरा महिन्यांवर आणली. हेतू नव्हता हे मान्य झालं, पण सावधगिरी पुरेशी नव्हती हेही ठरलं. बाहेरच्या डॉक्टरने काहीही दिलं तर पहिल्या डोसच्या आधी ते क्लबच्या डॉक्टरला ईमेलने कळवा आणि उत्तरही ईमेलनेच मागा. 'चालेल रे' हे तोंडी उत्तर सुनावणीत कामाला येत नाही.

जेवणातून द्रव्य जाणं दुर्मीळ आहे, पण घडतं. २०११ मध्ये मेक्सिकोत १७ वर्षांखालील विश्वचषकात १०९ खेळाडूंच्या नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. मूळ स्थानिक मांसात होतं, म्हणून कुणावर कारवाई झाली नाही. अशा ठिकाणी संघाबरोबरच जेवा.

सूट कधी मागायची

उपचारासाठी बंदी असलेलं औषध लागतच असेल तर टीयूई, म्हणजे उपचारासाठीची सूट, आधी घ्या. अर्ज किमान ३० दिवस आधी करा. निदान, तपासण्यांचे अहवाल, आधी वापरून पाहिलेले परवानगीचे पर्याय आणि ते का चालले नाहीत, हे सगळं जोडा. बहुतेक अर्ज शेवटच्या मुद्द्यावर परत येतात. राष्ट्रीय संस्थेने दिलेली सूट युएफा किंवा फिफाच्या स्पर्धेत आपोआप चालेल असं धरू नका, तिथे मान्यता घ्या.

नमुन्याचा दिवस

अधिकाऱ्याने तुम्हाला कळवलं त्या क्षणापासून तुम्ही सोबत्याच्या (चाचणी घेणाऱ्यांनी तुमच्याबरोबर ठेवलेल्या माणसाच्या) नजरेआड व्हायचं नाही. अधिकाऱ्याचं ओळखपत्र आणि अधिकारपत्र बघा. पत्रकार परिषद, पदक समारंभ, दुखापतीवर उपचार, अंग सैल करणं यांसाठी उशीर मागता येतो, पण विचारून आणि सोबत्यासह. संघाचा एक प्रतिनिधी बरोबर घ्या. मधल्या वेळात कुठेही लघवीला जाऊ नका.

सामन्यानंतर अंगात पाणी कमी असतं आणि नमुन्याला किमान ९० मिलिलिटर लागतात. मग खेळाडू घटाघटा दोन लिटर पाणी पितात आणि तिथेच अडकतात. लघवी फार पातळ झाली, म्हणजे तिची विशिष्ट घनता १.००५ पेक्षा (नमुना १५० मिलिलिटर किंवा जास्त असेल तर १.००३ पेक्षा) खाली गेली, की पुन्हा नमुना द्यावा लागतो. संघाची बस निघून जाते आणि तुम्ही तिथेच बसून राहता. सीलबंद बाटलीतलं पाणी थोडं थोडं प्या आणि पहिली लघवी घाई न करता द्या.

भांडं आणि बाटल्यांचा संच तुम्ही स्वतः निवडायचा. सील फाटलेलं दिसलं तर दुसरा मागा. लघवी देताना छातीपासून गुडघ्यापर्यंत आणि कोपरापर्यंत कपडे बाजूला करावे लागतात. साक्षीदार तुमच्याच लिंगाचा असतो. आधी 'बी' बाटलीत किमान ३० मिलिलिटर, मग 'ए' बाटलीत किमान ६०, आणि भांड्यात घनता मोजण्यापुरतं थोडं शिल्लक. बाटल्यांवरचा, झाकणांवरचा आणि खोक्यावरचा क्रमांक एकच आहे का ते मोठ्याने वाचा. झाकणं स्वतः लावा, मग बाटल्या उलट्या धरून गळतंय का बघा.

फॉर्ममध्ये मागच्या ७ दिवसांतली सगळी औषधं आणि सप्लिमेंट लिहायची असतात. इथे आळस नको. ही यादी फोनमध्ये रोज भरत राहिलात तर त्या रात्री आठवत बसावं लागत नाही. काही खटकलं असेल, सोबती मध्येच बाहेर गेला, किंवा बाटली आधीच उघडी होती, तर ते शेरा लिहायच्या रकान्यात लिहा. तिथे न लिहिलेली तक्रार सहा महिन्यांनी कुणी ऐकत नाही. आणि खोलीत कितीही संताप आला तरी नमुना द्या, कारण नकाराची शिक्षा चार वर्षांपर्यंत जाते. मँचेस्टर युनायटेडचा रिओ फर्डिनंड २३ सप्टेंबर २००३ रोजी चाचणी न देता सरावाच्या मैदानावरून निघून गेला. दोन दिवसांनी दिलेला नमुना साफ निघाला, तरी आठ महिने बंदी, ५०,००० पौंड दंड आणि युरो २००४ हुकला तो हुकलाच.

अचानक चाचणीसाठी तुम्ही कुठे सापडाल ही माहिती बहुतेक संघांत क्लब भरतो. सराव हलवला, सुट्टी दिली, हॉटेल बदललं की त्याच दिवशी दुरुस्ती करा. हे काम एकाच माणसाकडे असावं आणि त्याच्या रजेच्या दिवशी कोण करणार हेही ठरलेलं असावं. ही माहिती तीनदा चुकल्याबद्दल मँचेस्टर सिटीला २०१७ मध्ये ३५,००० पौंड दंड झाला. खेळाडूचं नाव वैयक्तिक चाचणीच्या यादीत असेल तर आपण कुठे सापडू याचा रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला एक तास त्याला स्वतः कळवावा लागतो. १२ महिन्यांत तीन चुका म्हणजे दोन वर्षांपर्यंतची बंदी.

नमुना दोषी निघाल्याचं पत्र आल्यावर

पहिल्या दिवशी तीन कामं: वकील, घरातल्या आणि क्लबमधल्या सगळ्या औषधांचे फोटो, आणि उरलेल्या डब्यांना हात न लावणं. 'बी' बाटलीतल्या नमुन्याची तपासणी आणि प्रयोगशाळेची पूर्ण कागदपत्रं मुदतीत मागा. पत्रकारांशी बोलताना औषध कुठून आलं याचा अंदाज करू नका, कारण नंतर खरं कारण वेगळं निघालं तर पहिलं वाक्य तुमच्यावर उलटतं.

द्रव्य शरीरात कसं गेलं हे दाखवता आलं तरच शिक्षा खऱ्या अर्थाने कमी होते. चार वर्षांच्या आरोपात २० दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केली तर एक वर्ष कमी होतं. पण चूक अनवधानाने झाली असेल तर हा सौदा घाईने करू नका, कारण सुनावणीत याहून बरंच जास्त मिळू शकतं. कोकेनसारखं नशेचं द्रव्य सामन्याच्या काळाबाहेर आणि खेळाशी संबंध नसताना घेतलं हे सिद्ध झालं तर शिक्षा तीन महिने, आणि उपचार पूर्ण केले तर एक महिना.

द्रव्य खरंच यादीत आहे का, हेही तपासा. लिव्हरपूलचा मामादू साखो २०१६ मध्ये हायजेनामिन या द्रव्यामुळे तात्पुरता निलंबित झाला आणि युरोपा लीगचा अंतिम सामना हुकला. त्या वर्षीच्या यादीत ते नाव नव्हतं. युएफाने प्रकरण रद्द केलं, आणि २०२० मध्ये वाडाने त्याची माफी मागून भरपाई दिली.

कॅसकडे अपील साधारणपणे २१ दिवसांत करायचं असतं. अपील दोन्ही बाजूंना असतं हे विसरू नका. पेरूच्या पाओलो गेरेरोची शिक्षा फिफाच्या अपील समितीने एका वर्षावरून सहा महिन्यांवर आणली होती. कॅसमध्ये गेल्यावर ती चौदा महिने झाली.

डॉक्टर आणि क्लबला जाब कसा विचारायचा

कोडमध्ये डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक यांच्यासाठी तरतुदी आहेत. द्रव्य देणं आणि त्याचा व्यापार यांना चार वर्षांपासून आजीवन, साथ देण्याला दोन वर्षांपासून आजीवन बंदी. तक्रार करणाऱ्याला धमकावणं हाही गुन्हा आहे. प्रत्यक्षात मात्र खेळाडूचा नमुना बोलतो आणि डॉक्टरचा नमुना नसतो. युव्हेंटसचे डॉक्टर रिकार्दो अग्रिकोला यांना खेळाडूंना औषधं दिल्याच्या खटल्यात २००४ मध्ये शिक्षा झाली, २००५ मध्ये अपिलात ते सुटले, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात येईपर्यंत मुदत उलटून गेली होती. संघालाच शिक्षा होणं तर विरळाच: २०११ च्या महिला विश्वचषकात उत्तर कोरियाच्या पाच खेळाडू दोषी निघाल्या आणि संघ २०१५ च्या स्पर्धेतून बाद झाला.

म्हणून क्लबमध्ये औषधांची नोंदवही ठेवायला लावा. रकाने असे: तारीख आणि वेळ, खेळाडू, औषध, सक्रिय घटक, बॅच, मात्रा, कसं दिलं, कुणी दिलं, यादी कधी तपासली, आणि दोघांच्या सह्या. खेळाडूला त्याच्या पानाची प्रत दर महिन्याला मिळाली पाहिजे. करार करताना, क्लबच्या माणसाने दिलेल्या औषधामुळे बंदी आली तर क्लब करार तोडणार नाही आणि कायदेशीर खर्च उचलेल, असं कलम मागा. त्याने बंदी टळत नाही, पैशांचा प्रश्न सुटतो. उलट बाजूचं उदाहरण आद्रियान मुतूचं आहे. २००४ मध्ये कोकेनसाठी सात महिने बंदी, आणि नंतर त्याच्या क्लबला, चेल्सीला, १ कोटी ७१ लाख युरोंहून अधिक भरपाई देण्याचा आदेश.

बंदीच्या काळात संघाबरोबर सरावही करता येत नाही. शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चौथा भाग, यांतलं जे कमी असेल तेवढ्या काळात सराव चालतो. सहा महिन्यांच्या बंदीत म्हणजे शेवटचा दीड महिना. ही तारीख संस्थेकडून लेखी घ्या, कारण बंदीत असताना मैदानात उतरल्याचं सिद्ध झालं तर तेवढीच नवी बंदी पुढे जोडली जाऊ शकते.