कड्यावर मुक्काम करताय? या चुका टाळा

धुळे-जळगावची पोरं आता झकास चढतात. पण दोन रात्री कड्यावर लटकून काढायच्या म्हटलं की दर हिवाळ्यात त्याच चुका. बोलून घसा बसला, म्हणून लिहितोय.

पहिली चूक पाण्याची. माणशी रोज 4 लिटर. दोघं, तीन दिवस, म्हणजे 24 किलो, आणि ते दोराने वर ओढायचं. "दादा, थंडीत कोण एवढं पितं?" हे ठरलेलं उत्तर. अरे, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. दुपारनंतर काळा बसाल्ट तव्यासारखा तापतो. एकदा माझ्या जोडीदाराने वजन वाचवायला पातळ प्लास्टिकच्या बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी ओढताना सॅक धारेला घासत आली. त्याने आत हात घातला, ओली स्लीपिंग बॅग बाहेर काढली आणि म्हणाला, "भाऊ, पानी सरी गयं." उरलं दीड लिटर. रात्री भाकरीचा घास गिळवेना. सकाळी अर्ध्यातून रॅपलिंग करत उतरलो. तेव्हापासून कोल्ड्रिंकच्या जाड बाटल्याच नेतो. चिकटपट्टीचे वेढे, गळ्याला दोरीचा फास.

जुमारिंग, म्हणजे दोराला पकडी लावून वर चढणं, पायाने करा. दंड फुगवलेले दुपारीच गळतात.

केळी नेऊ नका. जळगावकरांनो माफ करा, पण सॅकमध्ये त्यांचं भरीत होतं.

झोपेतही हार्नेस (कमरेचा सुरक्षा-पट्टा) आणि दोर अंगावरच. यावर चर्चा नाही.

आता डोक्याचं. अमेरिकेतल्या एल कॅपिटन कड्याची 'नोज' ही वाट 2018 मध्ये होनोल्ड-कॉल्डवेल या जोडीने दोन तासांच्या आत चढली, हे प्रत्येकाला पाठ. तीच वाट 1958 मध्ये पहिल्यांदा पुरी झाली तेव्हा दीड वर्षात मिळून 40 हून जास्त दिवस लागले होते, ते कुणी विचारत नाही. घाई असलेल्यांना मी 20 लिटरचा कॅन पाठीवर देऊन सलग तीन दिवस लळिंग किल्ल्यावर पाठवतो. तिसऱ्या दिवशी निम्मे फोन उचलत नाहीत. कड्यावर तिसऱ्या सकाळी बोटं सुजून बुटाची नाडी बांधता येत नाही, आणि वाऱ्याने पोर्टालेज, म्हणजे कड्याला टांगलेला झोपायचा पलंग, हलला की रात्री दोनला 'आपण इथे कशाला आलो' सुरू होतं. माझी सवय एकच: रात्री काही ठरवायचं नाही. गूळ-शेंगदाणे खायचे, पडून राहायचं, सकाळी बघू.

राहिला शौचाचा प्रश्न. झाकणाचा पीव्हीसी पाइप न्या आणि भरलेला परत आणा. तो कोणाच्या सॅकला टांगायचा, हे भांडण पायथ्यालाच मिटवून या.